मागच्या चाकाची होडी

चाक फिरले, होडी मात्र जागची हलली नाही.

"अजून सोड," नाना, माझे वडील, म्हणाले.

शिवदासने इंजिनाचा वेग वाढवला. होडीच्या मागे बसवलेल्या चाकाने धरणाच्या फुगवट्याचे पाणी फळ्याफळ्यांनी उचलले आणि आमच्या तिघांच्या अंगावर फेकले. इंजिनाने काळा धूर ओकला, पट्टा किंचाळला आणि सगळे बंद पडले. काठावर जमलेली माणसे हसली. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. फुकट करमणूक मिळाल्याचे समाधान होते.

"शिंगटे, ही होडी हाय का रहाट?" गेनबा ओरडला. त्याची स्वतःची मासेमारीची होडी होती आणि त्यामुळे त्याच्या मताला काठावर वजन होते. "पाणी उपसायचंच असंल तर माझ्या उसाकडं तोंड करून लावा की!"

"गेन्या, तुझ्या होडीचा पंखा जलपर्णीतनं सोडवून सोडवून तुझी बोटं सोलली," नाना भिजलेला चष्मा सदऱ्याला पुसत म्हणाले. "तू बोलू नगंस."

आई काठावरच्या बाभळीखाली उभी होती. तिने हाताने तोंडावर पदर धरला होता, धुरामुळे असावा. "काय झालं ओ?"

"काही न्हाई. पट्टा जरा ढिला हाय."

"मग तिला आणायचं कधी?"

होडी त्याचसाठी होती. गेनबापासून शाळेच्या मास्तरांपर्यंत सगळ्यांना ते माहीत होते. माझ्या धाकट्या भावाची, शिवदासची, बायको दिवाळीला माहेरी गेली होती ती परत आली नव्हती. तिचे माहेर पारेगाव, आमच्या हिंगणेवाडीच्या थेट समोर, फुगवट्याच्या पलीकडच्या काठावर. हवा स्वच्छ असली की तिथल्या देवळाचा कळस दिसे.

धरण होण्याआधी या दोन गावांमध्ये फक्त नदी होती आणि उन्हाळ्यात ती गुडघाभर असे. हिंगणेवाडीच्या मुली पारेगावला आणि पारेगावच्या हिंगणेवाडीला, ही रीत माझ्या पणजीच्याही आधीची. धरणाने मधले पात्र भरले, रस्ता पुलाला वळसा घालून जाऊ लागला, दोन एस.टी. बदलून जाण्यात दिवस मोडू लागला. तरी सोयरीक चालू राहिली. रीत मोडायची तर नवे नातेवाईक शोधावे लागले असते. परिणाम एवढाच झाला की कुणाचा संसार बिघडला, कुणी रुसले, कुणाला माहेरची आठवण अनावर झाली, की दोन्ही काठांवर एकच निदान होई: पाणी मध्ये आले. हाताशी एक कारण असले की दुसरे शोधायचे राहून जाते. माझ्या विषयात हा दोष मानतात. गावात तो समजूतदारपणा समजला जाई.

मी त्या वेळी जिल्ह्याच्या गावी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते आणि उन्हाळ्याच्या सुटीसाठी घरी आले होते. आमचे घर मोटारी दुरुस्त करणाऱ्यांचे. नानांचे विहिरीतल्या पाणबुड्या मोटारींच्या रिवाइंडिंगचे दुकान होते आणि शिवदास त्यांच्या हाताखाली तयार झालेला. घरात काही बिघडले तर ते उघडायचे, बिघाड शोधायचा, सुटा भाग बदलायचा आणि पुन्हा बंद करायचे. या पद्धतीने आमचे पोट भरले होते आणि माझे शिक्षण झाले होते, म्हणून तिच्याविषयी मी वाईट बोलणार नाही.

आदल्या पावसाळ्यात शिवदास आणि संजीवनीची मुलगी तापाने गेली. अजून ती उभी राहायला शिकायची होती. त्यानंतर नानांनी घराचे सगळे वायरिंग बदलले. शिवदासने त्या दोघांच्या खोलीत छताला नवा पंखा बसवला आणि भिंतींना फिकट निळा रंग दिला. आईने अंगणातली फुटकी फरशी काढून नवी बसवून घेतली. मी गणपतीत आले तेव्हा घर पूर्वी कधी नव्हते इतके सुस्थितीत होते. मुलीविषयी कुणी बोलले नाही. संजीवनी स्वयंपाकघरात असे, विचारले तेवढ्याचे उत्तर देई, आणि आई मला म्हणे, "सावरली बाई पोर."

दिवाळीला ती माहेरी गेली. तिच्या आईचे एक अंग लुळे पडलेले होते आणि भाऊ नव्हता; त्यामुळे ती लांबली तरी कुणाला नवल वाटले नाही. संक्रांत झाली, होळी झाली. तेव्हा नाना दोन एस.टी. बदलून पारेगावला गेले आणि विचारून आले. तिने सांगितले होते, "मामा, तिकडं आले की हिकडं आईला बघायला कोण? रोज जाऊन-येऊन करता आलं असतं तर कशाला ऱ्हायले असते?"

नानांनी घरी येऊन पाय धुतले नाहीत. आधी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले आणि तेलाचे रिकामे पिंप उलटेपालटे करून त्यांना कुठे भोके आहेत ते पाहू लागले. सुनेच्या वाक्यात त्यांना एक बिघाड सापडला होता आणि तो दुरुस्त होण्यासारखा होता.

होडीला पंखा लावायचा नाही हे त्यांनीच ठरवले. फुगवट्याच्या आमच्या बाजूला उथळ पाण्यात जलपर्णीचे जाड गालिचे असत. पंखा त्यात गुरफटतो, हे गेनबाच्या बोटांवरून सिद्ध होते. होडीच्या मागे आडव्या आसावर फिरणारे चाक असले तर ते जलपर्णीला कापण्याऐवजी दाबून पुढे जाते आणि त्याला खोल पाणीही लागत नाही. नानांनी असे चाक कुठल्याशा जुन्या कॅलेंडरवरच्या आगबोटीला पाहिले होते. मी त्यांना सांगितले की तत्त्व बरोबर आहे. माझ्या अशा दाखल्याला ते पदवीहून अधिक मान देत.

मग सगळे घर त्या कामाला लागले. पिंपांच्या दोन रांगा करून त्यांवर लोखंडी सांगाडा, सांगाड्यावर फळ्या, पुढच्या भागात विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन, त्याला भंगारातल्या जीपचा गिअरबॉक्स, तिथून साखळीने मागचे चाक. चाकाच्या बाभळीच्या फळ्या आईने स्वतः तेल पाजून पाजून वाळवल्या. शिवदास वेल्डिंग करी. तोंडासमोर काच धरलेली असल्यामुळे तो दिवसभर कुणाला दिसत नसे आणि बोलतही नसे. पहिल्या फेरीत जे झाले ते मात्र मला अपेक्षित होते.

"नाना, चाक जितकं खोल तितका जोर जास्त, असं नसतं," मी त्या दुपारी म्हणाले. "फळी पाण्यात पुरती बुडाली की बास. तिच्या डोक्यावर अजून पाणी आलं तर वर येताना ती तेवढं उचलत बसते. इंजिन होडी ढकलत नाही, पाणी चढवतंय."

"म्हंजे गेन्या बरोबर म्हणत हुता."

"हो. रहाट झालाय."

"त्याला सांगू नगंस."

चाकाच्या दोन्ही बेअरिंगखाली ठोकळे घालून आम्ही चाक वर घेतले. मी चाकाशेजारी होडीच्या कडेला रंगाची एक रेघ मारली आणि पाणी त्या रेघेच्या वर चढू द्यायचे नाही असे सांगितले. वजन पुढे ठेवले तर मागची बाजू उचलली जाते, मागे ठेवले तर चाक बुडते. कोण कुठे बसायचे ते या हिशोबाने ठरले. आई म्हणाली, आपल्या घरात कुणी कुठं बसायचं हे पहिल्यांदाच शास्त्रानं ठरतंय.

दुसऱ्या फेरीत होडी गेली. तिचा वेग अगदी बेताचा, काठाने चालणारा माणूस तिच्या बरोबर राहील एवढा; पण ती जलपर्णीच्या गालिच्यात शिरली आणि न थांबता पलीकडून बाहेर पडली. चाकाच्या फळ्या हिरव्या पानांवर एकामागून एक थपाथप पडत होत्या. काठावरून गेनबाने टोपी काढून हलवली. नाना हसत होते. इतके उघडपणे हसताना मी त्यांना त्याआधी फारसे पाहिले नव्हते.

परतताना शिवदास सुकाणूपाशी होता आणि मी त्याच्या जवळ बसले.

"तू तिच्याशी बोललास का?" मी विचारले.

"कुणाशी?"

"कुणाशी काय? संजीवनीशी. दिवाळीनंतर."

"नानांनी विचारलं की."

"नानांनी विचारलं. तू?"

त्याने सुकाणूचा दांडा थोडा वळवला. "ताई, तिची अडचण रस्त्याची हुती. रस्ता झाला. आता काय बोलायचं?"

"आणि अडचण रस्त्याची नसली तर?"

"तिनंच सांगितलंय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मोटार जळाली आहे असे गिऱ्हाईकाने सांगितल्यावर ती उघडणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. मला पुढे विचारण्यासारखे काही होते. पण माझ्याकडे पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय शंका घेण्याची सवय मला होती तरी ती बोलून दाखवण्याची नव्हती.

आणायला जायचा दिवस आईने काढला. आमच्याकडे नवऱ्याने बायकोला आणायला स्वतः सासुरवाडीच्या दारात जायचे नसते. सासरा जातो, नणंद जाते. आता सुकाणू शिवदासच्या हातात, म्हणून आईने तोडगा काढला: त्याने होडीतून उतरायचे नाही. आईने होडीपुढे नारळ फोडला आणि पाणी इंजिनावर उडाले म्हणून नानांची बोलणी खाल्ली. मी खण, नारळ आणि तांदूळ घेऊन पुढच्या भागात बसले.

पारेगावच्या बाजूला धक्का नव्हता. वारा आडवा होता. शिवदास गुडघाभर पाण्यात उतरला, पण काठावर पाऊल टाकले नाही. दोर हाताला गुंडाळून तो होडी धरून उभा राहिला. नाना आणि मी वर गेलो.

संजीवनी ओसरीत तिच्या आईला पेज भरवत होती. मला पाहून उठली. ती बारीक झाली नव्हती, रडवेली दिसत नव्हती. उलट चेहरा भरल्यासारखा होता, आणि हे माझ्या अपेक्षेच्या विरुद्ध असल्यामुळे माझ्या ध्यानात राहिले.

"वन्सं! तुम्ही पाण्यातनं आला?"

"होडीतून."

"विहीणबाई," नाना तिच्या आईला मोठ्याने म्हणाले, जणू अर्धांगाने कानही गेले असावेत, "आता लेक रोज येऊन जाईल. सकाळी तिकडचं उरकून हिकडं, दिवस मावळायच्या आत माघारी. वळसा न्हाई, एस.टी. न्हाई. पोरानं रोज सोडायचं, आणायचं. शब्द हाय माझा."

म्हातारी अर्ध्या तोंडाने काहीतरी म्हणाली. संजीवनीने तिचे ओठ पुसले. "आई म्हणतीया, चहा घ्या."

चहा झाला. मी तिची ओटी भरली. तिने पदर पुढे केला आणि नमस्कार केला. मग नानांकडे पाहून म्हणाली, "मामा, होडी बघू की."

नानांना हेच हवे होते. काठावर येईपर्यंत त्यांनी तिला पिंपे, पट्टा, जीपचा गिअरबॉक्स, सगळे समजावले. ती नीट ऐकत होती. "मग मागं जायचं झालं तर?" तिने विचारले.

"हे विचारलंस बघ! गिअर हाय न्हवं. चाक उलटं फिरतं. गेन्याच्या होडीला जमत न्हाई."

शिवदास पाण्यात उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिले आणि मग दोराकडे. "बस," तो म्हणाला. "पुढं बस. ताईच्या शेजारी."

"आत्ता येऊन जाऊ म्हणता?" ती मला म्हणाली. "शेजारच्या काकू बसतील आईपाशी तोवर."

ती चढली. होडी सुटली. उन्हाने पाणी पत्र्यासारखे चमकत होते आणि चाकाचा आवाज संथ होता. नाना इंजिनाशेजारून वळून वळून तिच्याकडे पाहत होते, दुरुस्त केलेली मोटार सुरू झाल्यावर गिऱ्हाईकाकडे पाहावे तसे. मला वाटले, झाले. माझी शंका चुकीची ठरत होती आणि मला त्याचा आनंद होता.

पुढच्या बाजूला, बसणाऱ्यांना धरता यावे म्हणून, एक आडवा पाईप बसवलेला होता. सगळ्या होडीसारखाच राखाडी रंगाचा. त्याला खालून दोन कड्या जोडलेल्या होत्या आणि नांगराचा दोर त्यांतून ओवून घेतला होता. संजीवनीने आधार म्हणून त्या पाईपवर हात ठेवला. मग तिची बोटे एका कडीपाशी गेली, आत फिरली, दुसऱ्या कडीपाशी गेली.

"मामा," ती म्हणाली, "ह्यो पाळण्याचा हाय न्हवं?"

नाना खाली वाकून पट्टा पाहत होते. "हां. स्टँडचा वरचा. जाड हाय, आता असला पाईप मिळत न्हाई. नुसता पडून गंजत हुता."

तिने मान वळवून मागे सुकाणूकडे पाहिले. "तुम्ही काढला?"

"हां," शिवदास म्हणाला.

"कापला?"

"न्हाई," तो म्हणाला, आणि त्याला हे चांगले सांगण्यासारखे वाटले असावे, कारण तो आवाज चढवून, इंजिनाच्या वर ऐकू जाईल असे म्हणाला, "कापायला लागला न्हाई. लांबी बरोबर बसली."

मी तो पाईप गेले तीन आठवडे पाहत होते. त्याला धरून होडीत चढत-उतरत होते. कड्या कशासाठी आहेत हे मी विचारले नव्हते. दोर ओवायला सोयीच्या होत्या. आमच्या घरात वस्तू म्हणजे तिचे साहित्य, तिची जाडी, तिची लांबी. ती आधी काय होती हा प्रश्न भंगाराला कुणी विचारत नाही. त्यामुळे हे कुणी लपवले होते असे मला म्हणता येत नाही. कुणाच्या मनातच आले नव्हते.

संजीवनीने हात काढून घेतला नाही. आमचा काठ येईपर्यंत तिने तो तिथेच ठेवला.

आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिने तो सुनेवरून ओवाळून टाकला, तिच्या डोळ्यांना पाणी लावले. शेजारणी जमल्या होत्या. "आली बाई लक्ष्मी," आई म्हणाली आणि रडली. तिच्यापुरती गोष्ट संपली होती. संजीवनी वाकली, सगळ्यांच्या पाया पडली आणि आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली.

निळ्या भिंती अजून नव्या होत्या. ती कपाटासमोर उभी होती.

"वन्सं, तुम्ही शिकलेल्या. एक विचारू?"

"विचार."

"तिचं नाव काय हुतं?"

मी गोंधळले. मग म्हणाले, "अश्विनी."

"येतं की तोंडात," ती म्हणाली. "मला वाटत हुतं कुणालाच येत न्हाई. ती गेली त्या दिसापास्नं ह्या घरात मी ते ऐकलंच न्हाई. हितं मी भिंतीकडं तोंड करून म्हणायची. मग ह्यांनी भिंतच रंगवली."

"शिवदासला सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? गरम हुतंय म्हणाले तर पंखा लावला. झोप येत न्हाई म्हणाले तर पलंगाचा कुरकुर करणारा पाय काढून नवा घातला." ती हसली, खरोखर हसली. "कुरकुर करतच हुता तो. त्यांचं खोटं न्हाई काही."

बाहेर नाना पट्टा ताणून बसवण्याविषयी शिवदासला काहीतरी सांगत होते. ती ऐकत राहिली.

"तिकडं आईला बोलता येत न्हाई धड," ती म्हणाली. "पण रोज सांजच्याला तिचं नाव घेती. अर्धंच येतं. 'अश्शी' म्हणती. मी तेवढ्यासाठी ऱ्हायले, वन्सं. रस्त्याचं मी आपलं मामांना वाईट वाटू नये म्हणून बोलले हुते. ते होडीच बांधतील हे मला काय ठावं?"

तिला सांगण्यासारखे माझ्याकडे जे होते ते सगळे चाकाच्या खोलीविषयी होते.

तिने कपाटाची किल्ली फिरवून पाहिली. "हे कपाट लग्नातलं माझं. शिलाई मशीन बी माझी. ट्रंक, दोन हंडे, गादी. तिकडं गावात शिवण मिळतं. होडीला किती वजन चालंल?"

प्रश्न मला विचारला होता आणि त्याचे उत्तर मला येत होते. "चालेल," मी म्हणाले. "इंजिनाच्या पुढे ठेवावं लागेल. कपाट आडवं."

मग जे झाले ते इतक्या रीतसर झाले की कुठे थांबवायचे होते ते अजून मला दाखवता येणार नाही. कपाट खोलीतून निघेना तेव्हा नानांनी दाराची बिजागरी सोडली. आईने विचारले, "अहो, एवढं सामान कशापायी न्हेतीया ती?" आणि नाना म्हणाले, "लागत असंल तिकडं. रोज जायचं म्हणल्यावर तिकडं बी पायजेच की." त्यांनी हे आईला समजावले की स्वतःला, मला कळले नाही. शिवदासने कपाटाचे वरचे टोक धरले. गेनबा आणि त्याचा मेहुणा मदतीला आले. "शिंगटे, लग्नाचं वऱ्हाड निघालं का?" गेनबा म्हणाला आणि आमचे चेहरे पाहून त्याने मान खाली घातली आणि हंडे उचलले. मशीन कुठे, ट्रंक कुठे, हे मी सांगितले. पाणी रेघेच्या एक बोट खाली राहिले.

आई दारातून बाहेर आली नाही. संजीवनी आत जाऊन तिच्याजवळ बसली होती; काय बोलली ते मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात आईने बांधून दिलेली भाकरी होती.

भरलेली होडी रिकाम्या होडीहून चांगली चालली. वजन पुढे असल्यामुळे मागची बाजू उचलली गेली होती आणि चाक पाण्यात हवे तितकेच बुडत होते. नानांच्या ते लगेच लक्षात आले. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि मग मान हलवल्याची त्यांना लाज वाटल्यासारखी त्यांनी नजर इंजिनाकडे वळवली. संजीवनी ट्रंकेवर बसली होती. तिची पाठ शिवदासकडे होती.

पारेगावला माणसे मदतीला धावली. सामान उतरले. शिवदास पुन्हा पाण्यात उतरून दोर धरून उभा होता. वारा वाढला होता आणि हलकी झालेली होडी वर-खाली होत होती. संजीवनी नानांच्या पाया पडली.

"मामा, होडी झ्याक झाली," ती म्हणाली. "एवढं सामान एस.टी.नं कधीच आलं नसतं. एक थेंब आत आला न्हाई."

"न्हाई यायचा," नाना म्हणाले. "पिंपांची तोंडं मी स्वतः बंद केली." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "पोरी, उद्या सकाळी होडी पाठवू?"

"उद्या नगं, मामा."

"परवा?"

मग ती काठाच्या कडेपर्यंत गेली, जिथे चिखल सुरू होतो तिथपर्यंत, आणि थांबली. शिवदास तिच्यापासून चार हातांवर, पाण्यात. ती तिथे बराच वेळ उभी राहिली. मला एवढेच दिसले की तिने त्याच्याकडे पाहिले, त्याने तिच्याकडे पाहिले, आणि होडीला एक हिसका बसला तेव्हा त्याने दोर दोन्ही हातांनी ओढून धरला. मग ती वळली आणि चढाने वर गेली. कपाट तिच्यापुढे चौघांच्या खांद्यावर चालले होते.

परत येताना रिकाम्या होडीचे चाक पुन्हा जरा खोल गेले होते आणि इंजिनाला धाप लागत होती. नानांनी वजन हलवायला सांगितले नाही. मीही सांगितले नाही.

ती होडी पुढे दहा-अकरा वर्षे चालली. दोन्ही गावांच्या लेकी तिच्यातून माहेरी गेल्या आणि सासरी आल्या. पारेगावला दवाखान्यासाठी, बाजारासाठी माणसे गेली. पाण्यावर फोडले जाणारे खापर त्यानंतर कमी झाले का, याचे कुणी निरीक्षण केले नाही. संजीवनी पुन्हा तिच्यात बसली नाही. शिवदासने दुसरे लग्न केले नाही आणि त्याविषयी घरात बोलणे झाले नाही. पण मी सांगते आहे ते त्या दिवसाचे, आणि तो दिवस आमच्या काठावर होडी लागल्यावर संपला.

आई बाभळीखाली बसली होती. आम्ही येताना दिसलो तेव्हा ती उठून पाण्यापर्यंत आली. शेजारणी गेल्या होत्या.

"काय म्हणाली?" तिने विचारले.

"होडी झ्याक झाली म्हणाली," नाना म्हणाले.

आई थांबली. वाक्य अजून पुरे व्हायचे आहे असे तिला वाटत होते. मग ती शिवदासकडे वळली. तो इंजिन बंद करून उतरत होता; दोराने त्याच्या तळहाताला लाल वळ उठले होते.

"आन् तू? तू तिला काय म्हणालास?"

शिवदासने खरोखर आठवून पाहिले.

"मी होडी धरून हुतो," तो म्हणाला.